गैरहजरांची हजेरी

एकदा एका महाविद्यालयाला आपली मुलं मोजण्याची बुद्धी झाली. तालुक्याचं गाव, भोवतालच्या तीस-चाळीस खेड्यांतून येणारी पोरं, आणि दरवर्षीचा एकच अनुभव. पहिल्या वर्षाला शंभर जणांनी दाखल व्हावं आणि दुसऱ्या वर्षाच्या बाकांवर साठही दिसू नयेत. बाकीचे गेले कुठे, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मग एका वर्षी पाहणी समिती आली, तिने त्या आकड्यावर नेमकं बोट ठेवलं, आणि प्राचार्यांना एकाएकी विद्यार्थ्यांचा कळवळा आला. 'विद्यार्थी साहाय्य कक्ष' स्थापन झाला. दाराला पाटी लागली, आत एक टेबल आणि दोन कपाटं आली, आणि प्रमुख म्हणून रसायनशास्त्राच्या हेमलता डोईफोडे यांची नेमणूक झाली.

हेमलताबाई मनापासून काम करणाऱ्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून कुणी त्यांना कामचुकार समजेल आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्या स्वतः अशाच एका खेड्यातून शिकायला आलेल्या, घराण्यातल्या पहिल्या पदवीधर. त्यांनी चार वाजताचे जादा तास सुरू केले. प्रत्येक अध्यापकाकडे वीस-वीस मुलं सोपवली. इंग्रजीची धास्ती घेतलेल्यांसाठी स्वतः बसून मराठीत टिपणं काढली. आणि ज्याची हजेरी निम्म्याहून कमी भरेल, त्याच्या घरी पत्र पाठवायचं ठरवलं. मजकूर त्यांचाच होता: 'आपला पाल्य महाविद्यालयात सातत्याने गैरहजर राहत असून त्याचे अध्ययनाकडे दुर्लक्ष होत आहे. याची पालकांनी गांभीर्याने नोंद घ्यावी.' खाली सही आणि गोल शिक्का. दिवाळीनंतर अशी त्रेचाळीस पत्रं रवाना झाली. पंधरवड्यात तीस मुलं निमूट वर्गात येऊन बसली. प्राचार्यांनी भर सभेत बाईंची पाठ थोपटली, आणि समितीला पाठवायच्या अहवालात त्या पत्रांचा एक स्वतंत्र परिच्छेद झाला.

तेरा जण मात्र आले नाहीत. त्यांतली एक दैवशाला भोंग. सडपातळ, अबोल मुलगी, तास संपला की टेबलाशी येऊन अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत शंका विचारणारी. बाईंना ती पोरगी आवडायची, आणि ही पुढे जाणार असं त्या घरीही बोलून गेल्या होत्या. पत्र गेलं आणि ती दिसेनाशी झाली. दुसरं पत्र अधिक कडक भाषेत गेलं, त्याचंही उत्तर नाही. बाईंनी वही काढून पाहिली, हजेरी एकतीस टक्के. माझ्या तासाला तर ही रोज असायची, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली की आवडीच्या तासाला बसत असेल आणि बाकीचे बुडवत असेल. डोळ्यांनी पाहिलेलं एक आणि वहीत लिहिलेलं दुसरं असलं, तर आपण शिकलेली माणसं वहीवर विश्वास ठेवतो. बाईंनी तेच केलं.

आता फेब्रुवारी उजाडला होता. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार होती, दुपारी दोनपर्यंत. तोवर दैवशालाचा फॉर्म आला नाही तर तिचं वर्ष बुडणार, आणि अशा गावातल्या मुलीचं एक वर्ष बुडालं की ती पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढत नाही. बाईंनी स्वतःच्या दोन चुलतबहिणींचं तसं होताना पाहिलं होतं. त्यामुळे बुधवारी त्या सोळुंके सरांकडे गेल्या. सर त्यांचे जुने गुरू. याच महाविद्यालयात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, आता अठ्ठ्याहत्तरीला टेकलेले, कानाने थोडे कमी पण बाकी शाबूत. बाईंनी सगळे आकडे सांगितले, कक्षाची सगळी कामं सांगितली, आणि माझं चुकतंय कुठे ते सांगा म्हणाल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, सल्ला मात्र दिला नाही. शुक्रवारचा तुझा जादा तास मला दे, एवढंच म्हणाले.

शुक्रवारी चार वाजता सर काठी टेकत वर्गात आले. समोर साठेक मुलं. हेमलताबाई मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. सरांनी हजेरीची वही मागून घेतली, चष्मा पुसला आणि नावं पुकारायला सुरुवात केली. पण समोर बसलेल्या एकाचंही नाव त्यांनी घेतलं नाही. जे येत नव्हते, ज्यांच्या नावापुढे लाल शाईने रेघ होती, नेमकी तीच नावं ते पुकारत होते. पहिलं नाव पुकारलं आणि थांबले. उत्तर कोण देणार? पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. सर तसेच थांबले, मिनिटभर, दोन मिनिटं. म्हातारपणी सरांचा घोळ होतोय असं बाईंना वाटलं. पुढे होऊन वही घ्यावी की काय, या विचारात त्या होत्या. सरांनी तेच नाव पुन्हा घेतलं, आवाज न चढवता.

मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, की तो पुण्याकडे कंपनीत लागलाय, थोरला भाऊ अपघातात गेल्यापासून घर त्याच्यावरच आहे. सरांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. तिथेही थांबले. त्या मुलीची आई अंथरुणाला खिळून होती, आणि हे पहिल्या दोन बाकांना ठाऊक होतं. पुढच्या नावाचा मुलगा आपल्याला काही समजत नाही म्हणून लाजून येत नव्हता. जादा तासाला बसलं की दोस्त 'ढ' म्हणतात, असं त्याच्याच दोस्ताने खाली मान घालून कबूल केलं. हसणं केव्हाच थांबलं होतं. कक्षाच्या दोन्ही कपाटांत यांतली एक ओळ नव्हती.

"दैवशाला भोंग," सर म्हणाले आणि थांबले.

कुणी उठेना. सरांनी चष्मा काढून वहीवर ठेवला आणि हात बांधून बसले. खूप वेळाने मधल्या रांगेतली कौसल्या नावाची मुलगी उभी राहिली. ती दैवशालाच्या गावची, पण इथे मामाकडे राहून शिकणारी. ती सरांकडे बघत बोलू लागली. दैवशाला रोज येत होती. गावाहून एसटी निघते साडेसातला आणि इथे पोचते पावणेनऊला. हजेरी होते साडेआठच्या तासाला, आणि ती एकदाच होते. गाडी लवकर आली त्या दिवशी तिची लागायची, एरवी दिवसभर सगळे तास बसूनही तिच्यापुढे रेघ. पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते पारावर नेऊन वाचून घेतलं. पोरगी रोज डबा घेऊन निघते आणि कॉलेज म्हणतं ती येतच नाही, मग जाते कुठं, असं सगळा गाव बोलायला लागला. दुसऱ्या पत्रानंतर आठ दिवसांत सोयरीक जमली आणि मार्गशीर्षात लग्न उरकून टाकलं. तिला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

बाईंना राहवलं नाही. त्यांनी मागूनच विचारलं, अगं, मग कुणी मला येऊन का नाही सांगितलं?

कौसल्या वळली. "सही तुमचीच होती, मॅडम," ती म्हणाली.

पहिल्या तासाची हजेरी हीच दिवसाची हजेरी धरावी, हा ठराव कक्षाचाच होता. सहा तासांच्या सहा वह्या कोण जुळवत बसणार, म्हणून केलेला. त्याच्याखालीही बाईंचीच सही होती. ज्या दिवशी त्यांनी ते पत्र टपालात टाकायला दिलं, त्या दिवशी बहुधा तासाभरापूर्वी त्यांनी दैवशालाच्या शंकेचं उत्तर दिलेलं असणार.

वर्ग सुटला, मुलं गेली. बाई एका बाकावर बसून राहिल्या. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सर त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"हेमलता," ते म्हणाले, "समोर बसलेल्याची हजेरी आपण घेतो, पण तो तर दिसतच असतो. विचारपूस करायची ती न आलेल्याची. तिला पाच मिनिटं लागतात, पण त्या पाच मिनिटांत गप्प बसून थांबावं लागतं, आणि ऐकू येईल ते पचवावं लागतं. पत्राचं तसं नसतं. ते पाठवलं की आपण मोकळे. मी तीस वर्षं हेच केलं. नाव पुकारायचो, रेघ मारायचो, पुढच्या नावाला जायचो. निवृत्त झाल्यावर त्यातली नावं आठवून थांबायला लागलो, पण आता सांगायला समोर कुणी नसतं. तुझ्यासमोर अजून वर्ग आहे."

बाईंनी विचारलं, पण दैवशालाचं काय? सरांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

शनिवारी सकाळी हेमलताबाई दैवशालाच्या गावी पोचल्या. पर्समध्ये परीक्षेचा कोरा फॉर्म होता. दैवशालाचे वडील गवंडीकाम करणारे. घरीच होते. त्यांनी ओसरीवर सतरंजी अंथरली, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. बाईंनी सगळं सांगितलं. पत्र चुकीचं होतं, मुलगी रोज वर्गात होती, चूक माझी, मला माफ करा. फॉर्म पुढे केला, अजून वेळ आहे, तिच्या सासरच्यांशी मी बोलते म्हणाल्या. त्या माणसाने फॉर्मला हात लावला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "मला वाचता येत नाही. लेकीनं शपथ घेऊन सांगितलं, मी कॉलेजातच असते. मी तिच्या तोंडात मारली. शिक्क्याचा कागद खोटा कसा असंल, म्हणलं. ते पत्र साऱ्या गावानं ऐकलंय. आन् चुकलं म्हणून तुम्ही सांगताय ते माझ्या ओसरीवर, मला एकट्याला."

बाई उठल्या, पायात चपला घातल्या आणि पार कुठे आहे ते विचारलं.

पारावर माणसं जमेपर्यंत बाई थांबल्या; दुपारपर्यंत दहा-बारा जण येऊन बसले. हेमलताबाईंना वर्गात बोलायची सवय, सभेत बोलायची सवय, पण अशा पारावर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. तरी त्यांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि पत्राची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, ठरावासकट. एका म्हाताऱ्याने विचारलं, की मग पोरगी रोज जात होती तरी कुठं?

"माझ्या वर्गात," बाई म्हणाल्या. "मी तिला रोज बघत होते."

लोकांनी माना खाली घातल्या. दोघे-तिघे उठून आपापल्या कामाला निघून गेले. पलीकडच्या पानटपरीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. तालुक्याला कार्यालयाची खिडकी बंद झाली असणार, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हातातला फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

दैवशालाचे वडील झाडाखाली उभे राहून सगळं ऐकत होते. ते जवळ आले. पत्राची गोष्ट तिच्या सासरीही पोचली आहे, आणि कामात जरा कमी-जास्त झालं की सासू तेच काढते, असं त्यांनी सांगितलं.

"हे एवढं तिथं येऊन सांगाल?" त्यांनी विचारलं. "शिकायचं तर ऱ्हायलंच आता."

बाई हो म्हणाल्या. सासरच्या गावची गाडी साडेतीनला होती. दोघं फाट्यावर जाऊन उभे राहिले, मध्ये चार हातांचं अंतर ठेवून.

कुणाच्या भल्यासाठी म्हणून आपण कागद पाठवतो, तेव्हा त्या घरात तो कोण वाचणार आणि कुणासमोर वाचणार, एवढं सही करण्याआधी विचारून घ्यावं.