चिंधाबांचे कोरडे पाय

ही गोष्ट सांगू नकोस, असं आईनं मला बजावलं आहे. म्हणजे नदीचं सांगितलेलं चालतं, कौलांचं नाही, कारण चिंधाबा आमच्याच घराण्यातले. पण कौलं वगळली तर गोष्ट खोटी होते. म्हणून सगळीच सांगते.

कोळथडच्या नदीला पूल नव्हता की घाट नव्हता, त्या काळी गावात चिंधाबा कोष्टी राहायचे. ते लुगडी विणायचे आणि गावाचा न्यायही तेच करायचे. रीत अशी होती, की न्याय करणाऱ्यानं नदीच्या पाण्यात उभं राहून निवाडा सांगायचा. पाण्यात उभं राहून खोटा निवाडा देणाऱ्याला नदी परत येऊ देत नाही, असं म्हणतात.

एका आषाढात गावच्या तळ्याचा नवा बांध फुटला. खालच्या वस्तीतली सात घरं वाहून गेली. बांध बांधून घेतला होता त्रिंबकरावानं. तो सरकारी वसूल गोळा करणारा कमावीसदार. लोक बघायला गेले तर बांधाला वरून दगड आणि आत नुसती माती. दगडाचा पैसा त्रिंबकरावाच्या नव्या माडीत गेला होता. ज्यांची घरं गेली त्यांच्यातल्या तान्हूबाईनं चिंधाबांकडे न्याय मागितला. निवाड्याला आठ दिवस होते.

चिंधाबांचं छप्पर गवताचं होतं आणि ते मागावरच गळायचं. ताणलेलं सूत भिजून कुजायचं. एकदा ते बाजाराहून परत आले, तर घरावर नवी कोरी कौलं. कमावीसदाराची माणसं घालून गेली, उरलेलीच होती म्हणाली, असं त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईनं सांगितलं. चिंधाबांनी वर पाहिलं आणि खाली पाहिलं. मग ते मागावर बसले. त्या रात्री पाऊस झाला आणि सूत कोरडं राहिलं.

निवाड्याच्या दिवशी नदी दुथडी वाहत होती. बांधाला दैवानं धक्का दिला, माणसाचा दोष नाही, असं सांगायचं चिंधाबांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी पाण्यात पाय टाकला आणि पाणी मागं सरकलं. ते पुढे गेले, तसं पाणी आणखी मागं गेलं. पात्राच्या मधोमध कोरडी वाळू उघडी पडली आणि तिच्यावर मासे तडफडू लागले, असं म्हणतात.

लोकांनी हात जोडले. नदीनं आमच्या चिंधाबांना वाट दिली, असं जो तो म्हणू लागला. त्रिंबकरावानंही हात जोडले. चिंधाबांना मात्र त्या वाळूत गडप व्हावंसं वाटलं. नदी आपल्याला शिवत नाही, हे त्या एवढ्या गर्दीत त्यांना एकट्यालाच कळलं होतं.

तेवढ्यात काठावरून तान्हूबाई म्हणाली, "आबा, पाय कोरडेच राहिले की तुमचे. निवाडा कसा सांगणार?"

चिंधाबा मान खाली घालून माघारी वळले. भर पावसात ते घरावर चढले आणि त्यांनी एकेक कौल उतरवलं. पुतळाबाई म्हणाली, "अहो, सूत भिजेल."

"भिजू दे. मी कोरडा राहिलो, तेवढं पुरे झालं."

कौलांच्या पाट्या त्यांनी डोक्यावरून काठावर आणल्या आणि ती कौलं कुणाची, कशासाठी, हे सगळ्यांदेखत सांगितलं. न्याय करायचा हा मान मी आजच काढून घेईन, असं त्रिंबकरावानं दरडावलं.

"घ्या की," चिंधाबा म्हणाले. "पण आधी निवाडा ऐका."

ते नदीत उतरले. या वेळी पाणी छातीपर्यंत चढलं. त्रिंबकरावानं आपल्या माडीचे दगड उतरवून बांध पुरा करायचा आणि वाहून गेलेली घरं उभी करून द्यायची, असा निवाडा त्यांनी दिला. मग म्हणाले, "दुसरा निवाडा माझा. आजपासून मी कुणाचा न्याय करणार नाही." बाहेर आले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते, असं म्हणतात.

तो बांध अजून आहे. आजही आमच्या गावात पंच नेमला, की त्यानं आधी चिंधाबांचं नाव घेऊन नदीत उभं राहायचं आणि वर्षभरात कुणाकडून काय घेतलं ते मोठ्यानं सांगायचं. यंदा माझे बाबा उभे राहिले. त्यांनी एक शाल सांगितली, आंब्याची पेटी सांगितली. रस्त्याच्या ठेकेदारानं दिलेली सायकल सांगितली नाही. मी तेव्हा काठावरच होते, आणि ती सायकल माझ्याच हातात...

आले हं, बाबा.