पिवळे मुंडासे

एकदा एका मठातून देवापुढची चांदीची समई चोरीला गेली. पहाटे फुले तोडायला निघालेल्या शिष्याने चोराला कुंपणावरून उडी टाकताना पाहिले होते. पिवळे मुंडासे, खांद्यावर घोंगडी, भरघोस मिशा. नदीकाठी धनगरांचा तळ पडल्यापासून शिष्याच्या मनात पाल चुकचुकतच होती. ती माणसे मेंढरे घेऊन मठावरून नुसती गेली, तरी हा कोठीची कडी तपासून येई.

दुपारी पाटलाने तळावरचा पिवळ्या मुंडाशाचा धनगर दोरीने बांधून आणला. मागोमाग तशाच मिशांचा, लाल मुंडाशाचा त्याचा मेव्हणाही धावत आला.

“हाच तो!” शिष्य म्हणाला. “लाखात ओळखीन.”

“म्हाराज, मी मेंढरांपाशी निजलो हुतो. बिरोबाची आन!”

पाटील त्याला चावडीवर नेणार होता, आणि तिथून कुणाची पाठ शाबूत परतत नसे.

वृद्ध गुरू म्हणाले, “मठात आलेला ताक प्यायल्याशिवाय जात नाही.” त्यांनी दोरी सोडवली आणि दोघा धनगरांना कोठीत नेले. शिष्याला हा भोळेपणा मुळीच रुचला नाही. मागच्या दाराने चोर पसार झाला तर? खरे सांगायचे, तर क्षणभर त्याला गुरूंचाही संशय आला. संशयाला ओसरीवर जागा दिली, की तो देवघरापर्यंत जातो.

थोड्या वेळाने तिघे बाहेर आले. “आता चोराचा हात धर,” गुरू म्हणाले.

शिष्याने झडप घालून हात धरला. “हाच!”

“आवो, मी तर आत्ता दुपारी गावाकडनं आलोय!” तो माणूस ओरडला. “पाटलांनीच वाटंत बघितलं मला!”

पाटलाने नाइलाजाने मान डोलावली. कोठीत गुरूंनी दोघांना मुंडाशी आणि घोंगड्या बदलायला लावल्या होत्या. शिष्याने मेव्हण्याला धरले होते.

“पण गुरुदेव, ही माणसे सगळी सारखीच दिसतात!”

“तू मठात आलास तेव्हा आम्हीही तुला सारखेच दिसत होतो,” गुरू शांतपणे म्हणाले. “तीच छाटी, तसेच मुंडण. कित्येक दिवस तू मीच समजून आचाऱ्याच्या पाया पडत होतास, आणि तोही आशीर्वाद देत होता! आज तू मला नुसत्या खोकल्यावरून ओळखतोस. मधल्या काळात माझा चेहरा बदलला नाही, आपली ओळख झाली. ओळख नसताना ओळखायला गेलास, म्हणून हाती मुंडासे लागले. आता पाटलांना सांग, पहाटे तू काय पाहिलेस?”

शिष्याचा चेहरा उतरला. समई गेली होती, आणि चोर अजून मोकळा होता. “मुंडासे पाहिले,” तो म्हणाला. “माणूस पाहिला नाही.”

पाटील दोरी गुंडाळून निघून गेला. धनगरही आपापली मुंडाशी बांधून चालू लागले. शिष्य त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावला. “थांबा. तुमचे नाव काय?”

पिवळ्या मुंडाशाचा माणूस वळला. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता. “कशाला? आनखी काय हरवलंय व्हय?”

“नाही,” शिष्य म्हणाला. “ओळख करून घ्यायची राहिली होती.”

तो कितीतरी वेळ शिष्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

“बिरू,” तो म्हणाला. “आता तोंड ध्यानात ठिवा, म्हाराज. मी तुमचं ठिवलंय.”