बकुळेचा उंबरठा

एका राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. पाऊस त्याच्या मुठीत. मूठ उघडली की नगरावर सर यावी, मिटली की ऊन पडावं. राजा हेमांगद त्याला मांडीला मांडी लावून बसवी. अशा थोर पुरुषाची बायको बकुळा. घराबाहेर पडली की अंगभर सोनं! दंडात वाकी, गळ्यात ठुशी, हातात तोडे. बाया म्हणत, ‘काय बाई नशीब काढलं हिनं!’

नशीब कसलं, डोंबलाचं! धूम्रकेश घरात तिला मारी. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मारी, कमी पडलं म्हणून मारी, आणि बेताचं पडलं तर हसलीस का म्हणून मारी. उंबरठ्यावर त्यानं मंत्र घातला होता. आतला वळ बाहेर पडताच दागिना होई. दंडावर बोटं उमटली की त्यांची वाकी, गळा दाबला की त्याची ठुशी. परत आत आली की सोनं विरे आणि वळ ठणके. सोन्याखालची जखम मात्र कधी बरी होत नसे.

बकुळा आईकडे गेली. आई म्हणाली, “एवढं सोनं घालतो, थोडं सोसावं.” शेजारच्या सगुणाकाकूंकडे गेली. काकूंनी जात्याकडे तोंड फिरवलं.

दारातल्या फणसावर एक कोतवाल पक्षी राही. काळा कुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा, कावळ्यालाही हुसकावून लावणारा. लहानसहान पाखरं त्याच्याच आसऱ्यानं घरटी बांधत. तो म्हणाला, “बकुळे, राजद्वारी घंटा आहे. ती वाजव.”

तिनं घंटा वाजवली.

“काय फिर्याद?” राजानं विचारलं.

“महाराज, नवरा मारतो. एक दिवस जिवानिशी जाईन. मला त्या घरातून सोडवा.”

सभा खो खो हसली. एवढे दागिने राणीलाही नव्हते. राजाशेजारून धूम्रकेश गोड आवाजात म्हणाला, “लाडावली आहे, महाराज. घरी पाठवा.”

राजा दुष्ट नव्हता, पण सोन्यानं त्याचेही डोळे दिपले होते. “न्यायासन दिसेल तेवढंच पाहतं. सूर्यास्तापूर्वी वळ दाखव, नाहीतर नवऱ्याच्या हवाली होशील.”

“मग महाराजांनी माझ्या घरी यावं.”

“न्यायासन दगडाचं आहे. जागचं हलत नाही.”

बकुळा बाहेर आली. कोतवाल कमानीवर वाट पाहत होता. “दगड हलत नसेल तर लाकूड हलव. उंबरठा उचल, सभेच्या दारात ठेव. मग सभा हेच तुझं घर. त्याला तीन मंतरलेले खिळे आहेत. पहिला जिनं सोसलं तिच्या खऱ्या बोलानं निघेल, दुसरा जिनं ऐकलं तिच्या, तिसरा जिनं परत धाडलं तिच्या.”

बकुळा घराच्या पायरीवर उभी राहिली आणि भर रस्त्यात बोलली, “हे सोनं नाही. हा मार आहे.” पहिला खिळा टणकन उडाला.

तो आवाज ऐकून सगुणाकाकू पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या. खिळ्याकडे पाहिलं, बकुळेकडे पाहिलं. “तू किंचाळलीस की मी जात्यावरची ओवी मोठ्यानं म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येऊ नये म्हणून. पण यायचं, बये.” दुसरा खिळा निघाला.

तिसऱ्यासाठी कोतवाल आईला आणायला नदीपार उडाला. ऊन कलू लागलं. आई येते की नाही, कुणास ठाऊक. आई आली, अनवाणी, धापा टाकत.

“पोरी, माहेरी आलीस तेव्हा झोपेत कण्हत होतीस. मला तेव्हाच कळलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून तुला परत धाडलं. माझं चुकलं.”

तिसरा खिळा निघाला आणि मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. काकू म्हणाल्या, “रडा सावकाश, आधी हे धूड उचला.”

तिघींनी उंबरठा डोक्यावर घेतला. बाजार थबकला. “अगं बायांनो, उंबरठा कुठं नेता?”

“न्यायाला!” काकू म्हणाल्या, आणि निम्मा बाजार मागोमाग निघाला.

सूर्य टेकता टेकता त्यांनी सभेच्या दारात उंबरठा ठेवला. बकुळेनं तो ओलांडला. वाकी विरली, दंडावर बोटं उमटली. ठुशी विरली, गळ्यावर काळानिळा पट्टा दिसला. सभेत कुणी हसलं नाही.

प्रधान राजाच्या कानाशी लागला, “महाराज, जपून. पाऊस त्याच्या मुठीत आहे.”

“असू दे,” राजा म्हणाला. आणि जे न्यायासन कधी हललं नव्हतं, त्यावरून तो उठला, खाली आला, आणि बकुळेपुढं मान लववून उभा राहिला. “मला दिसलं नाही, बाई. क्षमा कर.”

धूम्रकेशानं चिडून मूठ आवळली. पण खिळ्यांबरोबर त्याच्या मुठीतलं बळही उखडलं होतं. मूठ उघडली तर आत नुसती राख. शिपायांनी त्याला बेड्या घालून बंदिखान्यात नेलं. पाऊस पुन्हा नक्षत्राप्रमाणे येऊ लागला, आणि कुणाचा हात धरून यायची त्याला गरज उरली नाही.

राजानं उंबरठा सभेच्या दारातच बसवला. दुसऱ्या सकाळी घंटा वाजली. दारात बकुळेसारख्याच सोन्यानं मढलेल्या सात जणी उभ्या होत्या. त्यांना हात धरून आत घ्यायला बकुळा पुढं झाली. तिच्या दंडावरचे वळ आता उघड्यावर होते. ते निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि एके दिवशी दंडावर काहीच नव्हतं. त्या दिवशी बकुळा गुंजभर सोनं न घालता आईशी फुगडी खेळली, दम लागेस्तोवर, हसून हसून.

ज्यांनी ही कहाणी ऐकली त्यांचं भलं होवो. आणि ज्यांनी भिंतीपलीकडून ऐकली, त्यांनी जातं थांबवावं आणि बोलावं.