सुपारीचं अर्धं खांड

देवठाण्याच्या पुलावर मध्यभागी उभं राहून खाली पाहिलं, की नदीच्या ऐन पात्रात एक काळा खडक दिसतो, पालथ्या घातलेल्या परातीसारखा. त्याच्या माथ्यावर तीन दगडांची चूल आहे. ती चूल कुणी पेटवत नाही आणि ते दगडही कुणी हलवत नाही. लग्नसराईत मात्र त्या थंड चुलीत हळद लावलेली एक सुपारी ठेवलेली दिसते. नीट पाहिलं तर ती एक नसते, दोन अर्धी खांडं एकमेकांना टेकवलेली असतात.

लग्नपत्रिकेसोबत काय द्यावं याची ज्याची त्याची रीत असते. कुणी अक्षता देतं, कुणी पेढ्यांची पुडी, कुणी टॉवेल-टोपी, आणि अलीकडे तर चॉकलेटसुद्धा निघालं आहे. या काठच्या देवठाण्याची आणि त्या काठच्या वाघजळीची पत्रिका उघडली, की मांडीवर सुपारीचं अर्धं खांड पडतं. पुण्याच्या एका व्याह्यांनी मागे पुलाजवळच्या किराणा दुकानात फोन लावला होता. "शेठ, तुमच्या पोत्यात उंदीर शिरलेत का हो? सगळ्या सुपाऱ्या अर्ध्याच आल्यात!" शेठ म्हणाले, "साहेब, उंदीर इतकं सरळ कापत नाही." आणि मग त्यांना फोनवरच ही गोष्ट ऐकवली. पुलावर गाडी थांबवून चहा मागणाऱ्या पाहुण्यांनाही ती अशीच ऐकवली जाते.

पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. किती काळ झाला ते नक्की कुणाला सांगता येत नाही. देवठाण्याचे लोक सात पिढ्या म्हणतात, वाघजळीचे चार. तेव्हा नदी ओलांडायला एकच डोंगा होता आणि त्यावरून दोन्ही गावांची डोकी फुटत. डोंगा या काठाला बांधलेला असला, की त्या काठचे लोक उन्हात ताटकळायचे. तिकडे बांधला, की इकडचे. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं बसली आणि निवाडा झाला, की डोंगेवाल्या भोयाने मधल्या खडकावर राहावं. डोंगा तिथेच बांधावा, जो काठ आधी हाक मारील त्याच्याकडे जावं आणि उतारू उतरले की खडकावर परत यावं. तो ना इकडचा, ना तिकडचा. सुगीला दोन्ही गावांनी त्याला धान्य घालावं.

तोल अगदी चोख होता, काटा मधोमध. फक्त त्या काट्यावर एक माणूस बसलाय, हे तोलणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

त्या घराण्यातला तिसरा भोई म्हणजे पुनाजी. त्याची बायको भागू खडकावर दोन पावसाळे राहिली आणि तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. मग खडकावर एक माणूस, एक चूल आणि चारी बाजूंनी पाणी. हाक आली की जायचं आणि माणसं उतरली की रिकामा डोंगा घेऊन परतायचं. डोंग्यात माणसं बोलत ती आपापसात.

दोन्ही गावांत सोयरिकी फार. त्या काळी इथं लग्नाचं आवतण चूलबंद असे, म्हणजे त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. सगळी वऱ्हाडं पुनाजीच्याच डोंग्यातून जात. कितीतरी नवऱ्या त्याने रडत नेल्या आणि पहिल्या सणाला हसत परत आणल्या. पण त्याच्या दारात अक्षत मात्र पडली नाही. यात कुणाच्या मनात खोट नव्हती, म्हणे. मुलीकडच्यांना वाटे, वऱ्हाड ज्याच्या डोंग्यातून येतं तो वऱ्हाडाचाच माणूस. मुलाकडच्यांना वाटे, मांडव ज्यांच्या दारी, आवतण त्यांनी द्यायचं. देवठाण्याला तो वाघजळीचा वाटे आणि वाघजळीला देवठाण्याचा.

सुरुवातीला मांडवाचे खांब रोवलेले दिसले, की पुनाजी आपल्या लग्नातला फेटा धुऊन खडकावर वाळत घालायचा. चूल न पेटवता दुपारपर्यंत वाट पाहायचा. काठावर पंगती उठायच्या, उष्टी पानं पाण्यात पडायची आणि वाहत वाहत खडकाला येऊन लागायची. मग तो उठून चूल पेटवायचा. दोन्ही गावांत शिंक्यावरची भांडी पालथी, आणि सगळ्या शिवारात तेवढा एकच धूर. तो दोन्ही काठांना दिसायचा. कुणी विचारलं नाही. आवतण मागून घ्यायचं नसतं, एवढं पुनाजीला कळत होतं. पुढे पुढे त्याने फेटा धुणंही सोडलं.

विचारलं ते एका लहान मुलीने. देवठाण्याच्या सटवाजीची सगुणा. वाघजळीला मावशीकडे निघाली होती, तेव्हा सहा-सात वर्षांची असेल.

"पुनाजीबाबा, काल तुम्ही चूल कशाला पेटवली? काल तर चूलबंद होतं."

"भूक लागली म्हणून."

"मग मांडवात का न्हाई आलात? बुंदी होती."

पुनाजीने वल्हं दोनदा उगीचच मारलं. "मी जेवाया बसलो, तर डोंगा कोण धरील माय?"

सगुणाने विचार केला. "माझ्या लग्नात मी धरीन डोंगा. तुम्ही जेवायला बसा. चूल नका पेटवू बरं का."

"बरं," पुनाजी म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं सगुणाने पहिल्यांदाच पाहिलं.

लहान लेकराने दिलेला शब्द लोक घरी पोचायच्या आत विसरतात. पुनाजीने तो फेट्यासोबत घडी घालून ठेवला.

सगुणा मोठी झाली. वाघजळीच्या उकंडरावांच्या पुतण्याशी, दौलतशी, तिची सोयरीक जमली. सुपारी फुटली ती बरोबर मधोमध. एक खांड सगुणाच्या ओटीत बांधलं आणि एक दौलतच्या उपरण्याला. त्याच संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, आपलं पहिलं आवतण खडकावर."

"हो गं. त्यात काय सांगायचं!"

सटवाजीच्या मनात खरंच होतं. पुढच्या बाजाराला उकंडराव भेटले तेव्हा बस्ता, वाजंत्री, जेवण असं सगळं बोलून झाल्यावर त्याने आठवणीने विषय काढला. "आणि पुनाजीला सांगायचं राहून जायला नको."

"हाव, हाव. नाही राहनार," उकंडराव म्हणाले.

सटवाजीला वाटलं, उकंडरावांनी अंगावर घेतलं. उकंडरावांना वाटलं, सटवाजी सांगायला निघालाच आहे. दोघंही समाधानाने घरी गेले.

लग्नाआधी तीन दिवस पुनाजीला ताप होता. तरी लग्नाच्या सकाळी वाघजळीच्या काठावरून हाक आली, तशी त्याने डोंगा सोडला. चूल पेटवली नव्हती. चार खेपांत वऱ्हाड देवठाण्याला उतरवलं. शेवटच्या खेपेला उकंडराव होते, कोऱ्या धोतरात. उतरताना म्हणाले, "बाबा, संध्याकाळी तयार रायजा बरं. नवरी घेऊन वापस जायचं हाये."

"तयारच हाय," पुनाजी म्हणाला.

वल्हं हातात धरून तो काठावर थोडा वेळ उभा राहिला. हलगी वाजत वर गेली, तिच्यामागे वऱ्हाड गेलं. कुणी मागं वळून पाहिलं नाही. मग ठरलेल्या रीतीप्रमाणे रिकामा डोंगा घेऊन तो खडकावर परतला आणि पलीकडच्या आडोशाला डोंगा बांधला.

अंघोळ केली. फेटा बांधला. चुलीतली राख उपसून पाण्यात सोडली. आता बोलावणं येईल ते काठावरून हाकेने, हे त्याने ताडलं, कारण डोंगा तर त्याच्याकडेच होता. हाक चुकू नये म्हणून तो देवठाण्याकडे तोंड करून बसला.

ऊन चढलं तशी थंडी वाजू लागली. गाडग्यात कण्या होत्या. आधण ठेवलं असतं, दोन घोट गरम पेज पोटात गेली असती, तर अंगात धग आली असती. त्याने चकमक हातातही घेतली, म्हणे. पण चूल पेटवली की धूर निघणार. धूर मांडवातून दिसणार, सगुणाला दिसणार. ज्या लेकीने आपल्याला बोलावलं, तिचा शब्द तिच्याच लग्नात सगळ्यांसमोर खोटा पडणार. त्याने चकमक खाली ठेवली.

मांडवात अंतरपाट धरला होता. अक्षता वाटून झाल्या होत्या. आमच्याकडे अक्षतांना ज्वारी लागते. सगुणाने मागे उभ्या असलेल्या मामाला हळूच विचारलं, "मामा, पुनाजीबाबा आलेत का?"

मामाने टाचा उंचावून नदीकडे पाहिलं. डोंगा आडोशाला असल्यामुळे आणि बसलेला माणूस इतक्या लांबून काठावरून दिसत नसे. दिसे तो फक्त धूर.

"खडकावर धूर न्हाई पोरी. म्हणजे आले असतील. बसले असतील कुठंतरी."

सटवाजीने मान डोलावली, वऱ्हाडाबरोबर बसला असेल. उकंडरावांनीही डोलावली, घरच्या माणसांत असेल. धूर नाही ही खूण दोन्हीकडच्यांना पुरली. भटजींनी हात वर केला, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. प्रत्येक पंगतीला वाटलं, पुनाजी दुसऱ्या पंगतीत आहे.

ऊन उतरल्यावर वऱ्हाड नवरीला घेऊन काठावर आलं. "डोंगाऽऽ आणा होऽऽ" उकंडरावांनी हाक दिली. डोंगा आला नाही. पुन्हा दिली. मग सगळ्यांनी मिळून दिली.

"झोपला का काय म्हातारा?"

"जेवण लई झालं असंन," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. सगुणा हसली नाही. "त्यांना जेवताना कुणी बघितलं?" तिने विचारलं.

सटवाजीने उकंडरावांकडे पाहिलं, उकंडरावांनी सटवाजीकडे.

"म्या म्हटलं, तुमच्याकडून आवतण गेलं..."

"आता का सांगावं! मले वाटलं, तुम्हीच सांगतलं असंन."

दौलतचा एक दोस्त अंगरखा काढून पोहत गेला. खडकावर चढला, पुनाजीच्या खांद्याला हात लावून पाहिला. मग ओरडला, "बाबा फेटा बांधून बसले हायेत! पन बोलत नाहीत!"

तो डोंगा घेऊन आला. नवरा-नवरी, सटवाजी आणि उकंडराव असे चौघं बसले आणि खडकावर गेले. पुनाजी देवठाण्याकडे तोंड करून बसलेला होता, पाठ दगडाला टेकलेली. चूल साफ, त्यात राखेचा कणही नव्हता. उजवी मूठ मिटलेली होती. सगुणाने ती उघडली, तर आत ज्वारीचे दाणे होते. काठावर अक्षता पडल्या, की इथून टाकायच्या म्हणून घेतलेले. त्या टाकायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

दोघं वडीलधारे पुन्हा सुरू झाले. मी तर म्हटलं होतं, मीही हो म्हटलं होतं. सगुणाने ओटीतलं खांड सोडलं. दौलतने उपरण्याचं सोडलं. तिने दोन्ही त्या उघड्या तळहातावर जुळवून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्धं आवतण दिलं. काका, तुम्ही अर्धं दिलं. अर्धं आवतण पाण्यातच राहातं."

पुनाजीला कुठे न्यायचं यावरून मग नवा वाद झाला. देवठाणं म्हणे तो आमचा, वाघजळी म्हणे आमचा. जन्मभर ज्याला दुसऱ्याचा म्हणून सोडलं, त्याला आता दोन्ही गावं ओढू लागली. सगुणा म्हणाली, "आता नको. ते खडकाचेच राहू द्या."

दोन्ही गावांतून लाकडं आली. ती डोंग्यातून खडकावर नेताना वल्हं सगुणाने धरलं. अंगावरचा शालू तसाच होता.  त्या संध्याकाळी दोन्ही गावांत पुन्हा चूलबंद झालं. सगळ्या शिवारात तेवढा एकच धूर होता, आणि या खेपेला सगळे त्याच्याकडे पाहत उभे होते.

तिथून ही रीत पडली, असं सांगतात. सुपारी फोडायची, एक खांड आवतणाबरोबर पाठवायचं, दुसरं आपल्या थाळीत ठेवायचं. पाहुणा आला की त्याने आपलं खांड थाळीतल्या खांडाशी जुळवायचं. पाठवलेलं आवतण अर्धंच धरायचं, माणूस आला की ते पुरं. थाळीत ज्यांची खांडं एकटी राहतात, त्यांच्या घरी कुणीतरी अक्षता पडण्याआधी जाऊन यायचं. आला असेल, बसला असेल कुठंतरी, हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. आता माणूस दूर असेल तर फोन करतात. पण विचारतात.

खडकाचा माथा त्या सालापासून पुरात बुडलेला नाही, असंही लोक म्हणतात. वर धरण झालं, त्याचाही काही हात असेल. पण धरण नव्हतं तेव्हाही बुडत नव्हता म्हणे, तेव्हा ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं.

आजही पहिलं आवतण खडकावर जातं. दोन्हीकडची माणसं एकाच होडीत बसून जातात, वेगवेगळी नाहीत, आणि आपापलं अर्धं खांड चुलीत एकमेकांना टेकवून ठेवतात. मांडवातल्या थाळीतही पुनाजीच्या नावाचं एक खांड ठेवतात. खांडाला खांड जुळत जातं, पंगती उठतात, मांडव रिकामा होतो. थाळीत ते एकच उरतं. मग नवरी ते उचलते, पुलावर येते आणि खडकाकडे पाहून विचारते, "बाबा, जेवलात का?"

उत्तर येत नाही. तरी ती थोडा वेळ थांबते. आमच्याकडे नवरीला तिथून घाईने कुणी नेत नाही.