बुडवायला आणलेल्या सुऱ्या

"इथला डोह किती खोल आहे, बाबा?"

सोमगिरी बाबा मठाच्या घाटावर धोतर पिळत होते. त्यांनी वळून पाहिलं. विश्राम पांचाळ उभा होता. काखेत जाड कापडाची गुंडाळी.

विश्राम स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवायचा. मोठ्या हॉटेलांचे आचारी त्याच्या एका सुरीसाठी महिनोन्महिने थांबत. अलीकडे मात्र तो सारखा मठात यायचा, बाबांकडे दीक्षा मागायचा.

"खोली कशाला हवी रे तुला?"

"सगळ्या सुऱ्या बुडवणार आहे. भट्टी कालच मोडली. लोक घरदार सोडतात, बाबा. मी माझी कला सोडतोय. आता मन कशातच अडकलेलं नाही."

मान ताठ होती.

"बरं, बुडव." बाबांनी धोतर दगडावर पसरलं. "पण मी कधी पाहिल्याच नाहीत रे तुझ्या सुऱ्या. दाखव तरी."

विश्रामनं नाइलाजानं गुंडाळी उलगडली. पात्यांवर ऊन पडलं…

"अरे वा!" बाबा उकिडवे बसले. "ही पाण्यासारखी लाट कुठून आली हिच्यावर?"

"दोन जातींचं पोलाद आहे. तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं. पुन्हा तापवायचं."

"आणि ही वाकडी?"

"वाकडी नाही, बाबा! पोट आहे तिला. कोथिंबिरीवर नुसती डोलवायची. अशी… अशी!" विश्रामचा हात हवेत डोलू लागला. आवाज चढला. "ही मूठ धरा. जांभळाचं लाकूड, ओल्या हातातूनही निसटत नाही. तशी नाही हो, अंगठा इथं! आता बोटावर तोलून बघा."

बाबांनी सुरी एका बोटावर ठेवली. फांदीवर पाखरू बसावं तशी ती बसली.

बाबा खदखदून हसले. विश्रामही हसला.

"आणि ही धाकटी?"

"ही… ही मनासारखी होतच नव्हती. घडवायचो, मोडायचो. एका पहाटे झाली! बायकोला झोपेतून उठवून टोमॅटो चिरून दाखवला. चकतीतून पलीकडचा दिवा दिसत होता, बाबा! दोघं वेड्यासारखे हसत बसलो."

"बघू."

बाबांनी सुरी घेतली, उठले, सरळ पाण्याच्या कडेला गेले. फेकण्यासाठी हात मागे नेला.

विश्राम पायऱ्यांवरून उडी मारतच खाली आला. दोन्ही हातांनी त्यानं बाबांचं मनगट पकडलं.

"नको, बाबा! ही नको!"

…

डोह तसाच होता. शांत.

विश्रामला धाप लागली होती. आपण काय केलं ते त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. डोळे भरले.

"मला वाटलं होतं… सगळं सुटलं. आता माझं कसं व्हायचं, बाबा? दीक्षा…"

इतक्यात वरून मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गोजराबाईंची हाक आली.

"बाबाऽ, पानं मांडलीत! कोशिंबिरीचं कोण बघतंय?"

बाबांनी हातातल्या सुरीकडे डोळे भरून पाहिलं. मग विश्रामकडे.

"आता मनगट तेवढं सोड," ते म्हणाले. "काकड्या चिरायच्यात."