भिंतीतला दोरा

जुन्या गिरणीची चिमणी पाहायला लोक येतात आणि मान मोडेपर्यंत वर बघत राहतात. म्हातारे अंबादास जॉबर, गिरणीतले जुने मुकादम, त्यांना आधी खाली बघायला लावतात. चिमणीमागे एक भिंत आहे. अलीकडे मालकीची घरं, पलीकडे भाड्याची. बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तिची एक वीट नाही. त्या भोकातून सुताचा गाठीगाठींचा दोरा आरपार गेला आहे.

गिरणी चालू होती तेव्हा इथे लचव्वा येमूल आणि हुसेनबी मागाची फणी भरायच्या, असं सांगतात. हुसेनबी फणीमागून एकेक धागा पुढे करायची, लचव्वा पुढून आकड्याने तो ओढून घ्यायची. जन्मभर एकमेकींचं तोंड पाहिलं ते धाग्यांतूनच. भांडण तिथंच आणि घासातला घासही तिथंच.

गिरणी बंद पडली, चिमणी तेवढी ठेवून पाडली, आणि त्या जागी स्वस्तातली घरं उठली. लचव्वाला कायम कामगार म्हणून मालकीचं घर मिळालं. हुसेनबी बदली कामगार, तिला भाड्याचं. शेजार तर सुटला नाही, म्हणून दोघी खूश होत्या म्हणे. पण मालकीवाल्यांनी हट्ट धरला, भाडेकरू आज आहेत उद्या नाहीत, मध्ये भिंत हवीच. आणि भिंत उठली.

गृहप्रवेशाच्या दिवशी लचव्वाने पेटवलेली काडी फुंकून विझवली. "हुसेनबीच्या हातचा धागा मिळाल्याबिगर ह्या घरात चूल पेटणार न्हाई, अन् मी जेवणार न्हाई."

मुलगा सिद्राम कपाळाला हात लावून बसला. "अव्वा, फाटकातनं फिरून जा की."

"फाटकातनं पाव्हणे जातेत रे. मी तिची पाव्हणी हाय व्हय?"

ती भिंतीशी जाऊन बसली. चैन कशी ती पडेना. कान भिंतीला लावायची, उठायची, येरझारा घालायची, परत बसून जुन्या आकड्याने विटांचे सांधे कोरायची. त्या वयात उपास! शेजारणी म्हणाल्या, म्हातारी भिंतीपायी जीव देणार. सिद्राम भाकरी घेऊन मागे मागे फिरे आणि रडे.

मग एके सकाळी वीट आपोआप हलली म्हणे. पुढे सरकत सरकत खाली पडली, आणि भोकातून एक हात आला, चिमटीत धागा धरून. हुसेनबीही पलीकडून गुपचूप तीच वीट कोरत होती.

"किती उशीर गे!" लचव्वा ओरडली.

"तूच वडंना झालीस! मी कवापासनं ढकलायलेय!"

एवढ्या लांब भिंतीत तीच वीट कशी? लोक देवाचं नाव घेतात. अंबादास म्हणतात, देव असेलही; पण गिरणीत दोघींची फणीपाशी बसायची जागा नेमकी तिथंच होती.

लचव्वाची चूल पेटली, धागा भोकात तसाच राहिला. पुढे हुसेनबीची भाड्याची मुदत संपली आणि ती लेकीकडे गेली. लोक दोरा कापायला निघाले, लचव्वाने कापू दिला नाही. मागावरचा ताणा, उभे धागे, संपला की जुना फेकत नाहीत, त्याच्याच टोकाला नवा जोडतात, म्हणाली.

आजही पलीकडे नवं बिऱ्हाड आलं की आधी दोऱ्याला गाठ मारतं, मगच चूल पेटवतं. बिऱ्हाड गेलं की टोक मोकळं लोंबतं, आणि अलीकडच्या घरांत घास गिळवत नाही. सिद्राम, आता तोही म्हातारा झाला, तेव्हा उपाशीच भिंतीशी येरझारा घालत असतो. परवा, टोक असंच मोकळं लोंबत असताना, अंबादासांनी एका पाहुणीच्या हातात दोरा दिला. ती बिचारी दचकलीच, पलीकडून कुणीतरी ओढला होता.

"सिद्राम!" अंबादास हाक मारत सुटले. "जेव रे बाबा, जेव. माणूस आलं!"