निरंक

एकदा एका व्यापाऱ्यानं आपल्या सर्व शीतगृहांचा कारभार संगणकावर आणला. बेदाणा आणि हळद साठवणारी ही शीतगृहं गावोगाव विखुरलेली होती. प्रत्येक ठिकाणचा व्यवस्थापक रोज संध्याकाळी माहिती भरी आणि व्यापारी घरबसल्या ती पडद्यावर पाही. शेवटचा रकाना बिघाडाचा होता. बिघाड नसेल तर तिथं ‘निरंक’ लिहायचं. असेल तर लगेच पुढचा रकाना उघडे: ‘जबाबदार कोण?’ तिथं कुणाचं तरी नाव घातल्याशिवाय पान पुढं सरकत नसे. हा रकाना व्यापाऱ्यानं स्वतः सांगून करून घेतला होता.

थोड्याच दिवसांत सगळीकडून निरंक येऊ लागलं. व्यापारी सुखावला. लग्नकार्यात कुणी धंद्याची विचारपूस केली, तर म्हणे, “आमचं सगळं निरंक.”

सर्वांत लहान शीतगृह त्याचा तरुण मुलगा सन्मती सांभाळत असे. तिथं गारवा राखणाऱ्या अमोनिया या विषारी वायूच्या नळीपाशी वास येऊ लागला. सन्मतीनं आपल्या परीनं डागडुजी केली आणि संध्याकाळी निरंक लिहिलं. दुसऱ्या दिवशी वास पुन्हा आला, त्यानं पुन्हा डागडुजी केली, पुन्हा निरंक लिहिलं. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी नळी फुटली. बेदाणा निवडणाऱ्या बायकांना त्यानं बाहेर काढलं, झडप बंद करायला तो परत आत गेला, आणि आला नाही.

सुतक फिटल्यावर व्यापाऱ्यानं आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा म्हणजे त्याच्या शहरातले, प्रवचनं करणारे एक ज्ञानी वृद्ध. त्यांच्याबरोबर त्यांची शिष्याही गेली. ती संगणकाचं शिक्षण घेतलेली होती.

व्यापाऱ्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. संगणकवाले आता वास ओळखणारी यंत्रं बसवू म्हणत होते, जागोजाग कॅमेरे लावू म्हणत होते. तो सगळं घेणार होता. त्याआधी त्याला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं.

“माझ्याच मुलाच्या शीतगृहात नळी गळत होती,” तो म्हणाला, “आणि मलाच का कळलं नाही?”

शिष्येची नजर पडद्यावरच्या ‘जबाबदार कोण?’ या रकान्यावर गेली. ती बोलणार, एवढ्यात आप्पांनी हातानं तिला थांबवलं. मग ते गंभीरपणे म्हणाले, “शेठ, येताना तुमच्या नाक्यावरच्या शीतगृहावरून आलो. तिथंही वास येतोय.”

व्यापारी ताडकन उठला. “कुणाची ड्यूटी आहे तिथं? नाव सांगा मला त्याचं.”

आप्पा गप्प राहिले. व्यापाऱ्यानं पुन्हा नाव विचारलं.

“तिथं वास नाही,” आप्पा म्हणाले. “मी खोटं बोललो. पण आत माणसं कामाला आहेत, शेठ. ती बाहेर पडली का, हे तुम्ही विचारलं नाहीत.”

व्यापारी खाली बसला. शिष्या मात्र संतापली.

“ज्याचं पोर गेलंय त्याच्याशी असं वागतात का, आप्पा? सरळ सांगता आलं असतं. तो नावाचा रकाना काढून टाका म्हणायचं, संपलं.”

“रकाना निघाला असता, पोरी, आणि प्रश्न यांच्या तोंडात राहिला असता. यांनी शिकवलं, तेवढंच यंत्र विचारत होतं. सन्मतीनं खाली नाव कुणाचं लिहावं? हाताखालच्या माणसाचं त्याला लिहवेना. स्वतःचं लिहावं, तर वाचणारे वडील. वाईट बातमी सांगणाराच आधी पकडला जातो, हे एकदा माणसांना कळलं, की मग कितीही यंत्रं बसवा, माणसं त्या यंत्रांनाही गप्प बसवतात.”

शिष्येचं समाधान झालं नाही. “मग हे आजच का सुचलं तुम्हाला? शेठ दर आठवड्याला तुमच्या प्रवचनाला येतात. तुम्ही भर सभेत यांच्या निरंक कारभाराचं कौतुक केलंत. सन्मती समोरच बसला होता, त्याचा चेहरा मी पाहिला. मला तेव्हाच विचारायचं होतं. पण तुमच्या सभेत मध्ये बोलणाऱ्या पोरींना तुम्ही काय म्हणता, ते सांगू शेठना?”

“नको,” आप्पा म्हणाले. त्यांनी मान खाली घातली.

मग व्यापाऱ्यानं अगदी हळू विचारलं, “आप्पा, तो मला घाबरत होता?”

अशा वेळी देण्याजोगे सांत्वनाचे शब्द आप्पांपाशी पुष्कळ होते. त्या शब्दांनी मन हलकं करून कितीतरी माणसं त्यांच्या दारातून परत गेली होती. त्यांनी एकवार शिष्येकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं ते पुसलं नाही. आपली खुर्ची त्या दोघांच्या जवळ ओढली.

“आणखी सांगा,” तो म्हणाला.